प्रथम पुरुषाचा विमा

रनाळ्याच्या आमच्या अंगणात चारशे सीसीहून मोठी मोटारसायकल उभी राहिली. चाकाखाली लिंबू ठेवीत सौभाग्यवतींनी विचारले, "विमा उतरवलात ना?"

"५ वर्षांचा! २०१८ पासून नव्या गाडीला तो सक्तीचाच आहे," मी ऐटीत म्हणालो.

"कोणाचा?"

कागद उघडले. तो विमा त्रयस्थाचा. आपली धडक ज्याला बसेल त्याच्यासाठी. गाडी चोरीला गेली तर दमडी नाही. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात-संरक्षणही निराळे. जन्मभर व्याकरण शिकवून मी तृतीय पुरुषाची सोय केली आणि प्रथम पुरुषाला विसरलो!

तोरणमाळचा घाट लांबणीवर पडला. हप्ते भरले, वारसाच्या रकान्यात तिचे नाव लिहिले.

ती म्हणाली, "पैसे राहू देत. तुम्ही तेवढे परत या."