बांध सरकवा, मगच पेरा!

दोस्तांनो, संगणकाच्या पोटात दुसरा संगणक! गंमत वाटते ना? 'व्हर्च्युअलबॉक्स'सारख्या प्रोग्रॅममुळे विंडोजच्या एका खिडकीत चक्क लिनक्स चालवता येतं. या आतल्या संगणकाला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. आणि त्याची हार्डडिस्क? ती तर आपल्या डिस्कवरची एक भलीमोठी फाइल!

माझ्या नववीतल्या भाच्यानं असं मशीन तयार केलं. डिस्क ठेवली २० जीबीची. वर्षभरात ती भरली. पठ्ठ्यानं मशीन बंद करून डिस्कचा आकार ४० जीबी केला. पुन्हा सुरू करून बघतो तो काय, जागा नाहीच!

"मामा, वाढवलेले २० जीबी गेले कुठं?"

कुठंच नाही! असं समजा, तुम्ही शेजारची जमीन विकत घेतलीत. पण बांध जुन्याच जागी आहे. मग तिथं पेरणार कसं? आधी बांध सरकवायचा, मग नव्या जमिनीत वाफे पाडायचे. डिस्क म्हणजे जमीन, पार्टिशन म्हणजे बांध आणि फाइल सिस्टिम म्हणजे वाफे. भाच्यानं फक्त जमीन घेतली होती!

उरलेली दोन्ही कामं 'जीपार्टेड' हा मोफत प्रोग्रॅम करतो. त्याची आयएसओ फाइल मशीनला जोडून त्यावरूनच मशीन सुरू करायचं. अडचण एकच. नवी जमीन आपल्या बांधाला लागून हवी. भाच्याच्या डिस्कवर मध्येच 'स्वॅप'चं पार्टिशन ठाण मांडून बसलं होतं. ते आधी शेवटी सरकवलं, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली.

पार्टिशन लहान करायचं असेल तर? क्रम उलटा! आधी वाफे आवरा, मग बांध आत घ्या. घाईनं बांध आधी आत घेतलात, तर उभं पीक बाहेर राहील. म्हणजे तुमच्या फाइली गेल्याच म्हणून समजा. जीपार्टेड हा क्रम स्वतःच पाळतो. पण हातानं आज्ञा देणाऱ्यानं जपायलाच हवं. व्हर्च्युअलबॉक्स तर अख्खी डिस्क लहान करायला साफ नकार देतो. म्हणून वाढवतानाही बेतानंच!

आणि हो, काम चालू असताना वीज गेली तर? भाच्यानं म्हणूनच सुरुवातीला मशीनचा पूर्ण क्लोन काढून ठेवला होता. खऱ्या डिस्कवर तेवढी जागा आहे ना, हेही पाहिलं होतं.

तेव्हा आधी क्लोन, मग बांधाला हात. लक्षात ठेवाल ना?