इंजिनाचा आवाज ऐकावा कसा

रोज तीच मोटार चालविणाऱ्या माणसाच्या कानात तिचा एक नेहमीचा सूर बसून गेलेला असतो. त्यात एखादे दिवशी काही निराळे मिसळले की, आवाज मोठा असेल तर तो घाबरतो आणि लहान असेल तर रेडिओ लावतो. आमच्या मते दोन्ही चूक. आवाजाचा मोठेपणा आणि दुखण्याचा मोठेपणा यांचा परस्परांशी फारसा संबंध नसतो.

सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून अशी किंचाळी उठते की सारी आळी जागी व्हावी. तो बहुधा सैल झालेला किंवा झिजलेला पट्टा घसरत असतो. गाडी गॅरेजपर्यंत खुशाल न्यावी. मात्र त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरत असेल, तर तो तुटल्यावर इंजिन तापेल, म्हणून आठवडे काढू नयेत. सायलेन्सरचा पाइप फुटला की मोटारीचा ट्रॅक्टर होतो. इंजिनाला त्याची फारशी बाधा नाही, पण विषारी धूर आत शिरू शकतो. तेव्हा बाधा झाली तर ती आत बसणाऱ्यांना.

शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक येते ती बहुधा टॅपेटची. व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या भागांत फट वाढली, म्हणजे ती सुरू होते. प्रथम ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल कमी झाल्यानेही ही टिकटिक येते. ते ठीक असेल तर घाई नाही.

आता ज्याला खरोखर भ्यावे तो आवाज. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये बेअरिंग असते आणि त्यात केसाहूनही पातळ असा ऑइलचा थर. हा थरच सारा भार पेलतो. तो तुटला किंवा बेअरिंग झिजले, की रॉड क्रँकवर आपटू लागतो. मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे सेकंदाला ५०. दर फेऱ्याला घाव! आवाज मात्र खोल, बसका, खालून येणारा, दारावर जाड लाकूड ठोकावे तसा. इंजिनावर भार येताच, किंवा पाय ॲक्सिलरेटरवरून किंचित उचलताच, तो स्पष्ट होतो.

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आम्ही तो ऐकला होता. त्याआधी टॅपेटच्या टिकटिकीसाठी आम्ही दोनदा गॅरेज गाठले होते. हा ठोका मात्र मऊ वाटला, म्हणून सातारा गाठू म्हटले. घाट उतरल्यावर ऑइलचा लाल दिवा लागला. तरीही पुढच्या पेट्रोलपंपापर्यंत जाऊ, असा विचार केला. पंप दिसला तेव्हा रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. ठोका ऐकताच थांबलो असतो, तर कदाचित बेअरिंगवर भागले असते. लाल दिव्याचा अर्थ ऑइलचा दाब गेला आहे, असाच धरावा. सुरक्षित जागा पाहून लगेच थांबावे, इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

घाटात आणखी एक आवाज येतो: डब्यात खडे हलवावेत तशी खडखड. वरच्या गिअरात चढ ओढताना सिलिंडरमधील उरलेले मिश्रण आपोआपच पेट घेते, त्याचा हा परिणाम. गिअर खाली घ्यावा, पाय हलका करावा. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना यावर शिशाचे संयुग सापडले आणि ते जगभर पेट्रोलात गेले. विषारी म्हणून भारतात ते २००० साली बंद झाले. नव्या गाड्यांत ही खडखड टिपून ठिणगीची वेळ मागे घेणारे यंत्र असते. इतके असूनही ती रोजच येऊ लागली, तर पिस्टनला धोका आहे.

मिस्त्रीकडे जाऊन तोंडाने आवाजाची नक्कल करण्यापेक्षा, तो केव्हा येतो ते सांगावे. इंजिन थंड असताना येऊन गरम झाल्यावर जातो का? उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढविला तर येतो का? येत नसेल आणि चाकांबरोबरच वाढत असेल, तर दोष बहुधा चाकांकडे शोधावा. १८१६ साली पॅरिसमध्ये डॉक्टर लाएनेक यांनी कागदाची गुंडाळी रोग्याच्या छातीला लावून कान दिला होता; मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, ती युक्ती तीच. मात्र पट्टा आणि पंखा यांपासून हात, पदर, मफलर दूर ठेवावेत; विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद केल्यावरही एकाएकी फिरू लागतो.