बैलगाडी आठाची

सकाळी ६. हेळवाकच्या वळणावर धुकं असं दाटलेलं, की गाडी आधी ऐकू येते, मग दिसते. कराड-चिपळूण रस्त्यावर वाहनगणना चालू आहे, माझी पाळी ६ ते २. गुडघ्यावर पॅड, त्यावर तक्ता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. रात्रपाळीचा पोरगा जांभई देत टॉर्च हातात ठेवून गेला.

पहिला तास कुंभार्ली घाट चढून आलेल्या छोट्या हत्तींचा. रकाना हलकी मालवाहू, भार १.५. भार म्हणजे वजन नव्हे. एका मोटारीच्या मानाने गाडी रस्ता किती अडवते, ते माप. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या कोष्टकातलं.

७.३०. वडाप सुरू. पांढरी पाटी खासगी, पिवळी परिवहन. आरटीओच्या दप्तरात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्याकडे दोन्ही जिपा एकाच रकान्यात, भार १. आत चौघं की चौदा, त्याला रकानाच नाही. लालपरी रिकामी गेली तरी ३.

९ वाजता विटा भरलेला ट्रॅक्टर. मोटार वाहन कायदा १९८८ म्हणतो, ट्रॅक्टर म्हणजे स्वतःवर माल वाहण्यासाठी न बांधलेलं वाहन. माल ट्रॉलीचा, आणि ट्रॉलीला नंबर वेगळा. नोंदणीच्या हिशेबात दोन वाहनं गेली, तक्त्यात रेघ एकच. पहिल्या दिवशी मी दोन ओढल्या होत्या. साहेबांनी एक खोडायला लावली. जोडीचा भार ४.५, नुसत्या ट्रॅक्टरचा १.५.

साडेदहाला बैलगाडी आली. गाडीवानबाबा चहाला थांबले, तक्त्यात डोकावले.

"माझी कितीची रं?"

"आठाची, बाबा. छकडा असता तर सहाची."

"आन् ट्रकाची?"

"तीनाची."

"आरं तिच्या! मग टोल बी आठाचा घेनार व्हय?"

काय सांगणार? हळू चालते, मागे रांग लागते, म्हणून आठ. आणि नोंदणीकृत वाहनांच्या आकडेवारीत हीच गाडी शून्य. इंजिन नाही, म्हणजे मोटार वाहनच नाही.

बाराच्या पुढे धरण बघायला येणारे. एमएच-१२, एमएच-०१, त्यांत गावाकडे निघालेले आपले मुंबईकरही. एमएच-५० त्या मानाने कमीच. गाडी इथला खड्डा खाते, पण आकडेवारीत ती पासिंग झालं तिथलीच.

एकच्या सुमारास बिननंबरची बॅटरीची स्कूटर. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर नियमाने तिलाही नोंदणी लागत नाही. मी दुचाकीत रेघ ओढली, भार ०.५.

२ वाजता पॅड पुढच्या पाळीला दिला. चप्पल घालतोय तोच बाबांची गाडी परतली, रिकामी.

"आता तरी कमी झालं का?"

"न्हाई बाबा. आठच."




त्यांनी बैलांकडे बघितलं. नव्या पोराने रेघ ओढली.