उंबऱ्याआतला वाचक

श्रोतेहो, आपल्या गावच्या वाचनालयाला किती पायऱ्या आहेत, हे कधी मोजले आहे का? पुष्कळ गावांत वाचनालय ग्रामपंचायतीच्या माडीवर असते, नाहीतर देवळाच्या ओवरीत. आपण चार पायऱ्या चढतो, पुस्तक बदलतो आणि परत येतो. पायऱ्या होत्या हे आपल्या ध्यानातही राहत नाही. पण पोलिओने ज्याचे पाय गेले, अर्धांगवायूने ज्याचे एक अंग लुळे पडले, संधिवाताने जिला अंगणापर्यंत जाणेही जड झाले, त्या माणसाला त्या चार पायऱ्या म्हणजे गडच. आणि गंमत पाहा, वाचनालयाच्या वहीत येणाऱ्यांची नावे असतात; येऊ न शकणाऱ्यांची नावे कुठल्याच वहीत नसतात.

अशी माणसे थोडी असतील असे समजू नका. २०११ सालच्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणाऱ्या होत्या, म्हणजे दर दहांत जवळजवळ सात. हे सगळेच घरात बसून असतात असे नाही. पुष्कळजण शेती करतात, दुकान चालवतात, शाळेत शिकवतात. पण ज्यांना खरोखरच उंबरा ओलांडता येत नाही, असे चार-दोन लोक बहुतेक गावांत असतात. त्यांच्यापर्यंत पुस्तक कसे न्यावे, ते कोणी न्यावे आणि नेताना काय सांभाळावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

वाचक ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयाने वाचकाकडे जावे, हा विचार आपल्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्यात फिरती ग्रंथालयेही होती. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या पेट्या खेडोपाडी धाडत. तिकडे तंजावर जिल्ह्यात मन्नारगुडीजवळ १९३१ साली चक्क बैलगाडीवर ग्रंथालय चढले आणि गावोगाव फिरू लागले. त्याच साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे पुस्तकरूपाने मांडली. त्यांतल्या एका सूत्राचा अर्थ असा, की वाचक कोणीही असो, त्याला हवे ते पुस्तक मिळालेच पाहिजे. त्यात चालता येणारा वाचक आणि न येणारा वाचक असा भेद नाही. अलीकडे, २००९ साली, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम काढला. त्यातही पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटाकडे जातात.

मात्र पेटी गावापर्यंत येते. ती अंथरुणापर्यंत पोचवायला माणूस लागतो. हे काम परदेशांत कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने घराबाहेर पडू न शकणाऱ्यांसाठी १९४१ साली वेगळी सेवा सुरू केली. इंग्लंडमध्ये १९३८ साली स्थापन झालेल्या स्त्रियांच्या एका स्वयंसेवी संस्थेने हे काम अंगावर घेतले. आज तिचे नाव रॉयल व्हॉलंटरी सर्व्हिस असे आहे आणि तिच्यात पुरुषही काम करतात. पुस्तके सार्वजनिक ग्रंथालयाची आणि पाय स्वयंसेवकांचे, अशी ती वाटणी. आपल्याकडे केरळात स्त्रिया आणि वृद्ध यांना घरपोच पुस्तके देण्याची योजना आहे. ग्रंथालयाची बाई पिशवी घेऊन घरोघर जाते आणि त्याबद्दल तिला अल्पसे मानधन मिळते.

आता आपल्या गावाकडे येऊ. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. आज राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालये आहेत. म्हणजे पुस्तके आहेत, कपाटेही आहेत. उणीव आहे ती शेवटच्या अर्ध्या मैलाची. तो अर्धा मैल आपण चालावयाचा आहे.

पहिले काम यादीचे. यासाठी नवी पाहणी करायला नको. अंगणवाडीच्या सेविकेला, आशाताईंना आणि पोस्टमनला प्रत्येक घर ठाऊक असते. शाळेतील गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात नुसते विचारले, “तुमच्या आळीत कोणाला घराबाहेर जाता येत नाही?” तरी अर्धी यादी होईल. मात्र यादीत नाव आले म्हणजे पुस्तक घेऊन जाऊन थडकायचे, असे करू नये. आधी निरोप धाडावा आणि त्या माणसाची इच्छा विचारावी. कोणाला नको असेल, तर तेही बरोबरच.

दुसरे काम पहिल्या भेटीचे. घरात गेल्यावर पुष्कळदा आपण आईला किंवा भावाला विचारतो, “याला काय वाचायला आवडतं हो?” माणूस समोर बसलेला असतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून बोलतो! असे न करता त्यालाच विचारावे. शाळा कितवीपर्यंत झाली, अक्षर बारीक चालते का, पुस्तक हातात धरवते का, पान उलटता येते का, हे सगळे हळूहळू समजून घ्यावे. ज्याच्या हातात बळ नाही त्याला सहाशे पानांची कादंबरी देऊन उपयोग नाही. तीच दोन भागांत मिळत असेल तर द्यावी. आडवे पडून वाचणाऱ्यासाठी एक उतरती फळी करून घ्यावी आणि पुस्तक घसरू नये म्हणून खालच्या कडेला पट्टी ठोकावी. गावचा सुतार थोड्या वेळात करून देईल.

आणि मंडळी, एक चूक हमखास होते. घरात बसलेला माणूस म्हटले की आपण त्याला धीर देणारी, बोधपर पुस्तके नेतो. त्याला कदाचित रहस्यकथा हवी असेल, शेळीपालनाची माहिती हवी असेल, स्पर्धा परीक्षेचे पुस्तक हवे असेल. निवड त्याची, आपली नव्हे. पिशवीत त्याने सांगितलेली दोन पुस्तके असावीत, आणि न सांगितलेले एखादे, आवडले तर आवडले म्हणून.

तिसरे काम हिशेबाचे. प्रत्येक वाचकाची एक पत्रिका करावी. त्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख लिहावी. देवघेव वाचनालयाच्या वहीत रीतसर नोंदवावी, म्हणजे ग्रंथपालालाही काळजी राहत नाही. अशा वाचकाला अनामत आणि उशिराचा दंड माफ करावा, असा ठराव वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने एकदाच करून ठेवावा. पावसाळ्यात पिशवीला आतून प्लास्टिकचे अस्तर लावावे. भिजलेले पुस्तक कोणालाच गोड लागत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे नेम. सुरुवातीला उत्साह दांडगा असतो. पहिल्या फेरीला दहाजण निघतात, दुसरीला पाच, आणि कापणीच्या दिवसांत कोणीच नाही. आपल्या दृष्टीने एक फेरी चुकली. पण ज्याचा दिवस चार भिंतींत जातो तो माणूस ठरलेल्या वारी सकाळपासून दाराकडे कान लावून असतो. एखाद्याला वाट पाहायला लावायची आणि मग जायचेच नाही, यापेक्षा आरंभच न केलेला बरा. म्हणून थोडे अंगावर घ्यावे. एका स्वयंसेवकाकडे तीन-चार घरांहून अधिक नकोत. पंधरवड्यातून एक वार ठरवावा आणि प्रत्येकाला एक बदली माणूस नेमून ठेवावा. जमणारच नसेल तर आदल्या दिवशी फोन करून तसे कळवावे.

शाळेतील मुलांना या कामात घ्यावे का, असे शिक्षक विचारतील. जरूर घ्यावे, पण एकेकट्या मुलाला परक्या घरी पाठवू नये. दोन मुले आणि सोबत एक मोठे माणूस असा नियम असावा. स्त्री वाचकाकडे शक्यतो स्त्री स्वयंसेविकेने जावे. कोण काय वाचतो, घरात काय पाहिले, हे बाहेर पारावर बोलू नये. आणि पुस्तक देतानाचा फोटो काढून तो गावभर फिरवू नये. तुम्ही आम्ही वाचनालयातून पुस्तक नेतो तेव्हा कोणी आपला फोटो काढत नाही. तोही आपल्यासारखाच वर्गणीदार आहे.

काहींना छापील पुस्तक चालतच नाही. दृष्टी नसलेल्या वाचकाला कोणी तासभर वाचून दाखवले तर ती मोठीच सेवा. त्याखेरीज २०१६ साली सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. छापील अक्षर वाचू न शकणाऱ्यांसाठी त्यावर भारतीय भाषांतील पुस्तके संगणकावर किंवा मोबाइलवर ऐकता येतील अशा रूपात मिळतात. स्वयंसेवकाने नावनोंदणीला मदत केली आणि एकदा चालवून दाखवले की पुढचे काम वाचक स्वतः करील. अपंग वाचकासाठी पुस्तकाचे असे रूपांतर करायला आपल्या कॉपीराइट कायद्याने २०१२ सालच्या दुरुस्तीपासून मोकळीक दिलेली आहे.

शेवटी एक सावधगिरी. घरी पुस्तक पोचले म्हणजे वाचनालयाचे कर्तव्य संपले असे कोणी मानू नये. ज्याला चाकाच्या खुर्चीवरून येता येईल, त्याच्यासाठी पायऱ्यांशेजारी उतार बांधणे हे आपले कामच आहे. २०१६ सालच्या अपंग हक्क कायद्याने सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असे सांगितले आहे. माडीवरचे वाचनालय तळमजल्यावर आणता येत असेल तर आणावे. माणसाला पुस्तकाइतकीच चार माणसांचीही गरज असते. घरपोच पुस्तक हे ज्याला येताच येत नाही त्याच्यासाठी आहे. ज्याला आपण येऊ देत नाही त्याची समजूत घालण्यासाठी नव्हे.

आणि हे वाचक केवळ घेणारेच असतात असे नाही. ज्याला वाचायला निवांत वेळ आहे, त्याच्याइतका चोखंदळ वाचक गावात दुसरा मिळणे कठीण. कोणती पुस्तके विकत घ्यावीत हे त्याला विचारा. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर त्याला घ्या. बैठक त्याच्या ओसरीवर भरवली म्हणून काय बिघडले?

तेव्हा येत्या रविवारी वाचनालय उघडेल तेव्हा ग्रंथपालांकडून एक कोरी वही मागून घ्या. गुरुजी, पहिल्या पानावर आपल्या गावातल्या अशा वाचकांची नावे लिहा. दोन निघाली तरी पुरे. दुसऱ्या पानावर स्वयंसेवकांची नावे लिहा, आणि तिसऱ्या पानावर पहिल्या फेरीची तारीख. मग ती तारीख तेवढी चुकू देऊ नका.