साध्या गोळीची विषबाधा

ताप, डोकेदुखी, दातदुखी यांवर पॅरासिटामॉलची गोळी घरोघरी घेतली जाते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तिचीच बाजारातील नावे होत. योग्य मात्रेत हे औषध सहसा निर्धोक असते. प्रमाणाबाहेर पोटात गेल्यास मात्र ते यकृताचा नाश करू शकते.

शेतातील कीटकनाशक पोटात गेले की बहुधा काही तासांतच लक्षणे दिसतात. पॅरासिटामॉलचे तसे नाही. पहिल्या दिवशी थोडी मळमळ, एखादी उलटी. कधी तेवढेही नाही. रुग्ण चालतबोलत असतो. पुढे उजव्या बरगडीखाली दुखू लागते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, तेव्हा यकृताची बरीच हानी होऊन गेलेली असते. ‘आता बरे वाटते’ म्हणून रुग्णाला घरी नेण्याचा मोह पहिल्याच दिवशी होतो, आणि उपचाराचा खरा दिवस तोच असतो.

असे का होते? या औषधाच्या थोड्या भागापासून यकृतात एक घातक द्रव्य तयार होते. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्याला निष्प्रभ करते. गोळ्या फार झाल्या की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. एन-ॲसिटिलसिस्टीन हे प्रतिविष हा साठा पुन्हा भरून काढते. ते ८ तासांच्या आत सुरू झाल्यास यकृत बहुधा वाचते; उशिरा दिल्यासही उपयोग होतो, पण कमी.

जबलपूरमध्ये १९५५ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखले जाते. मंडला, डिंडोरीसारख्या जिल्ह्यांना मोठ्या उपचारांसाठी जबलपूरच जवळचे. डिंडोरीहून येथवरचे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. त्या ८ तासांतील काही तास रस्त्यातच सरतात.

म्हणूनच आपत्कालीन विभागात पहिला प्रश्न असतो : कोणती गोळी, किती आणि केव्हा? गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत आणली असतील तर अर्धे काम होते. गोळ्या घेतल्यापासून ४ तास उलटल्यावर रक्तातील औषधाचे प्रमाण तपासतात. त्याआधीचा आकडा फसवा ठरतो. तो आकडा व उलटलेले तास रुमॅक आणि मॅथ्यू यांनी १९७५ साली मांडलेल्या आलेखाशी ताडून प्रतिविषाची गरज ठरवतात. ही तपासणी जेथे होत नाही, तेथे रुग्णाची हकिकत, यकृताच्या चाचण्या आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ यांवर भिस्त ठेवावी लागते.

दातदुखीने बेजार झालेला माणूस दोन-तीन दिवस निरनिराळ्या नावांच्या गोळ्या घेतो. कॉम्बिफ्लाममध्ये आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, हे त्याच्या गावीही नसते. अशा वेळी तो आलेख लागू पडत नाही; शिवाय विचारल्याखेरीज कोणी सांगतही नाही.

जाणूनबुजून गोळ्या घेतल्या असतील, तर पोलिसांच्या भीतीने घरचे लोक वेळ आणि संख्या दडवतात. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमानुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. मनावरील ताणासाठी २०२२ पासून ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांकही उपलब्ध आहे.