जुन्या मालमोटारीचा जीर्णोद्धार

देवळाचा, विहिरीचा किंवा किल्ल्याच्या तटाचा जीर्णोद्धार झाला, असे आपण नेहमी ऐकतो. यंत्राच्या बाबतीत मात्र हा शब्द सहसा वापरला जात नाही. यंत्र थकले की ते मोडीत घालावे आणि त्याच्या जागी नवे आणावे, हीच रीत सर्वत्र दिसते. परंतु काही यंत्रे अशी असतात की, त्यांच्याबरोबर एखाद्या गावाच्या कष्टांचा इतिहासच भंगारात जातो. अशा यंत्रांपैकी एक म्हणजे जुनी मालमोटार, अर्थात आपण जिला रोजच्या बोलण्यात ट्रक म्हणतो ती.

वसईचेच उदाहरण घ्या. तालुक्याच्या पश्चिमेला समुद्र, खाडीकाठी मिठागरे आणि या दोहोंच्या मध्ये केळी, नागवेल, भाजीपाला व फुले यांच्या वाड्या. वाडीत पिकलेला माल जवळच्या मुंबईत वेळेवर पोहोचला, तरच शेतकऱ्याच्या हाती चार पैसे येत. १८६४ साली बडोद्याकडून येणारा लोहमार्ग मुंबईपर्यंत पोहोचला, तेव्हा बैलगाडीने स्थानक गाठायचे आणि पुढे आगगाडीने जायचे, अशी सोय झाली. मोटारीच्या युगात याच्याही पुढचे पाऊल पडले. मालमोटार थेट वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहू लागली आणि रात्री भरलेला माल पहाटे बाजारात उतरू लागला.

या मोटारी कोठून आल्या? दुसरे महायुद्ध १९४५ साली संपल्यावर सैन्याने वापरलेल्या अनेक मालमोटारी विक्रीस निघाल्या व त्या नागरी कामाला लागल्या. याच सुमारास आपल्या देशात मोटारी तयार करण्याचे प्रयत्नही चालू होते. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून मुंबईतील कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. या कारखान्याच्या मालमोटारी डॉज, डी सोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी विकल्या जात. पुढे १९५४ साली जमशेदपूर येथे टाटांनी जर्मनीतील डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने मालमोटारी बनवण्यास प्रारंभ केला. कुर्ल्यात आता मोटारी बनत नाहीत. तेथे तयार झालेल्या मालमोटारींपैकी बहुतेक भंगारात गेल्या. एखादी उरलीच, तर ती कोणाच्या तरी वाडीच्या कडेला, वेलींच्या आड, चाके जमिनीत रुतलेल्या अवस्थेत सापडते.

समजा, अशी एक मोटार वसईच्या एका कुटुंबाकडे आहे आणि तिचा जीर्णोद्धार करावा असे त्या कुटुंबाने ठरवले आहे. आता काय करावे लागेल?

प्रथम तीन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. बिघडलेला भाग सुधारून यंत्र पुन्हा चालू करणे ही दुरुस्ती होय. यंत्राचा मोठा भाग काढून टाकून त्याच्या जागी नवा उभारणे ही पुनर्बांधणी होय. राज्य परिवहन महामंडळाच्या कार्यशाळांतून जुन्या चासीवर बसगाडीचा नवा सांगाडा चढवतात, तो याच प्रकारचा. त्यात काही गैर नाही, कारण प्रवाशाला सुरक्षित गाडी हवी असते, जुनी नव्हे. जीर्णोद्धार या दोहोंहून वेगळा आहे. त्यात यंत्र चालू तर करावयाचे असतेच, पण ते करताना त्याचे मूळ रूप व मूळ भाग शक्य तितके राखावयाचे असतात. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याला प्रत्येक भागाजवळ थांबून एकच प्रश्न विचारावा लागतो : हा राखावा की बदलावा?

वसईसारख्या ठिकाणी या प्रश्नाला पहिला विरोधक भेटतो तो गंज. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. त्या पाण्यात मीठ असेल, तर ही क्रिया पुष्कळ वेगाने होते. समुद्रावरून येणारा खारा वारा मोटारीच्या सांध्यासांध्यांत शिरतो. गंजाचे आकारमान ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्याहून कितीतरी अधिक असते, त्यामुळे तो आतून रंगाला फुगवतो आणि पत्रे एकमेकांपासून अलग करतो. वरून रंग धड दिसला, तरी बोटाने दाबताच पत्रा आत जातो, तो यामुळेच. हातोडीने हलके ठोकून पाहिले असता धड लोखंड खणखणते आणि कुजलेले लोखंड बद्द आवाज देते. चासीच्या दोन लांब तुळया असा खणखणीत आवाज देत असतील, तर मोटारीचा कणा शाबूत आहे असे समजावे.

यानंतरचे काम हत्यारांचे नसून वहीचे आहे. एकही भाग सोडवण्यापूर्वी मोटारीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मग जो भाग निघेल त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, वहीत त्याची जागा लिहावी आणि त्याचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात ठेवावेत. हा कंटाळवाणा उद्योग अनेकांना अनावश्यक वाटतो. ते उत्साहाच्या भरात दोन दिवसांत मोटार मोकळी करतात आणि सहा महिन्यांनी भागांच्या ढिगाकडे पाहत बसतात. असे अर्ध्यावर सोडलेले काम शेवटी भंगारवाल्याकडेच जाते. ज्याने मोटार नीट सोडवली, त्याने ती जोडण्याचे निम्मे काम आधीच केलेले असते.

इंजिन अनेक वर्षे बंद असेल, तर त्यातील दट्टे, म्हणजे पिस्टन, सिलिंडरला चिकटून बसलेले असतात. अशा वेळी मोटार दुसऱ्या वाहनाने ओढून इंजिन फिरवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण जोर लावल्याने पिस्टनच्या कड्या तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहावी आणि मग हाताने इंजिन किंचित मागेपुढे करून पाहावे. जेथे बळ चालत नाही, तेथे तेल आणि सबुरी काम करतात.

येथपर्यंतची कामे घरच्या माणसांना, जाणत्याच्या देखरेखीखाली, करता येतात. साफसफाई, नोंदी, भागांची मांडणी, गंज खरवडणे यांत तर मुलांचाही हातभार लागतो. परंतु याच्या पुढे व्यावसायिक कार्यशाळेचा उंबरठा लागतो. वसईच्या पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहानमोठे कारखाने आहेत आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गही याच बाजूने जातो. यंत्रकाम जाणणारा कारागीर येथे शोधल्यास सापडतो.

कार्यशाळेचे काम घरी का होऊ शकत नाही, हे एका मापावरून कळेल. आपला सुतार ‘सूत’ हे माप वापरतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंजिनाचे काम करणारा टर्नर मात्र इंचाच्या हजाराव्या भागात मोजतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणे असे दोन ते चार भाग जाड असतो, यावरून या सूक्ष्मतेची कल्पना यावी. लक्षावधी वेळा वरखाली झालेल्या पिस्टनमुळे सिलिंडर वरच्या अंगाला अधिक झिजतो आणि त्याचा गोल आकार लंबगोल होतो. डोळ्यांना हे दिसत नाही, पण इंजिन धूर ओकू लागते व तेल खाऊ लागते. कार्यशाळेत बोअरिंगच्या यंत्रावर सिलिंडर पुन्हा अचूक गोल करतात आणि त्यात किंचित मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. ही मोठी मापे बहुधा दहा-दहा हजारांश इंचाच्या पायऱ्यांनी वाढत जातात. क्रँकशाफ्ट घासून गुळगुळीत करण्याची रीतही अशीच आहे. मात्र तेथे माप लहान होत जाते.

या कामात एक गोष्ट विसरता येत नाही. कापून टाकलेला धातू परत येत नाही. सिलिंडर दोनचार वेळाच मोठा करता येतो. मग त्यात नवी नळी, म्हणजे लायनर, बसवण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून चांगला टर्नर आधी अनेकदा मोजतो आणि मग जेवढे आवश्यक तेवढेच कापतो. मालकाने हे काम सोपवताना काय हवे ते लिहून द्यावे, खर्च आधी विचारावा आणि कारागिराने ‘हे होणार नाही’ असे सांगितले, तर त्याचे ऐकावे. होकार सर्वच देतात, पण योग्य जागी नकार देणारा कारागीर अधिक मोलाचा असतो.

काही भागांबाबत मात्र राखावे की बदलावे हा प्रश्नच उद्भवत नाही. ब्रेक हा त्यांपैकी पहिला. चालकाने पायाने दाबलेला जोर नळीतील द्रवामार्फत चारही बाजूंच्या चाकांपर्यंत पोहोचतो. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकता, तोच येथे कामी येतो. परंतु या नळीला एके ठिकाणी जरी छिद्र पडले, तरी सारा जोर वाया जातो. जुन्या मोटारीत रबराचे भाग कडक होऊन चिरतात व नळ्या आतून गंजतात. ते सर्व नवे घालावेत. विजेच्या जुन्या तारांवरील आवरणही हात लावताच गळून पडते आणि उघड्या तारांमुळे आग लागू शकते, म्हणून त्याही बदलाव्यात. मात्र काही जुन्या गाड्यांची वीज ६ व्होल्टची असते, तेथे विचार न करता १२ व्होल्टची सामग्री जोडू नये. पेट्रोलची टाकी तर वर्षानुवर्षे रिकामी असली, तरी तिच्यात स्फोटक वाफ असू शकते. तिच्याजवळ ज्योत नेणे म्हणजे प्राणावर बेतणे होय. हे काम अनुभवी कारागिरानेच करावे. जेथे माणसाच्या जीविताचा प्रश्न आहे, तेथे जुनेपणा हा गुण नव्हे.

याउलट मोटारीच्या बाह्यांगात जपण्यासारखे पुष्कळ असते. त्या काळी कारखान्यातून अनेकदा केवळ इंजिनासह चासी मिळे. चालकाची खोली आणि मालाचा हौदा स्थानिक सुतार व लोहार बांधत. म्हणजे मोटारीचे हृदय कारखान्याचे असले, तरी शरीर आपल्याच कारागिरांच्या हातचे असे. असा हौदा किडला असेल, तर सगळा फेकून न देता किडलेल्या फळ्या तेवढ्या बदलाव्यात आणि जुने सांधे पाहून नवे सांधे तसेच करावेत. रंगाचेही तसेच. एका कोपऱ्यात बारीक कागदाने हळूहळू घासत गेल्यास रंगाचे एकाखाली एक थर दिसू लागतात. सर्वांत खालचा रंग तो मोटारीचा पहिला रंग. त्या थरांत पूर्वीच्या मालकाचे नाव किंवा रंगाऱ्याने काढलेली वेलबुट्टी निघाली, तर तिचे छायाचित्र घेतल्याविना पुढे घासू नये.

कधीकधी निर्णय अवघड होतो. मूळ इंजिन पेट्रोलचे असताना, डिझेल स्वस्त पडते म्हणून अनेक मालकांनी पुढे डिझेलचे इंजिन बसवून घेतले. आता जीर्णोद्धारात कोणते राखावे? कारखान्याने दिले ते, की ज्याने पुढे वीस वर्षे कुटुंबाची भाकरी कमावली ते? पहिल्या पक्षाला मूळ रूपाचा आधार आहे, दुसऱ्याला जगलेल्या आयुष्याचा. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. परंतु जो निर्णय होईल तो वहीत कारणासह लिहून ठेवावा आणि नव्या भागाला जुना म्हणून मिरवू नये.

मोटार चालू झाली म्हणजे ती लगेच रस्त्यावर आणता येते, असेही नाही. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. परंतु ते दुचाकी आणि खाजगी वापराच्या मोटारी यांच्यापुरते आहेत. मालमोटारीच्या मालकाने कागदपत्रे घेऊन प्रथम परिवहन कार्यालयात चौकशी करावी आणि परवानगी मिळेपर्यंत ती आपल्या आवारातच चालवावी.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. या मोटारीने आता केळीचे घड मुंबईला जाणार नाहीत, हे खरे. त्या कामाला आजची वाहने अधिक समर्थ आहेत. परंतु जुन्या मोटारीबरोबर दुसरेही काही नाहीसे होण्याच्या मार्गावर आहे, ते म्हणजे तिला जाणणारे हात. पाट्यांच्या कमानी भट्टीत तापवून पुन्हा वाक देणारा लोहार, डाग देऊन रेडिएटरची गळती थांबवणारा कारागीर, आवाजावरून इंजिनाचे दुखणे ओळखणारा वृद्ध मिस्त्री, यांची विद्या बहुधा कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसते. ती काम चालू असतानाच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. काम थांबले की विद्याही थांबते. एका मोटारीच्या जीर्णोद्धारात चार जुने कारागीर पुन्हा आपली हत्यारे उचलतात आणि त्यांच्या शेजारी एखादा तरुण उभा राहून पाहतो. त्या तरुणाने जे पाहिले, ते गंजत नाही.