चाबी अडली, आळ उन्हावर

मे महिन्यातली भर दुपार. जठारपेठ चौकालगतच्या एका गल्लीत पुढचं चाक नालीच्या कठड्याला टेकवून गाडी उभी केली होती. परत येऊन चाबी लावली, तर ती जागची हलेना. जोर केला तसा पात्याला पीळ पडतोय हे बोटांना जाणवलं. पानठेल्यावरच्या मंडळींचं निदान तयारच होतं : उन्हानं चाबी फुगली. एक जण मात्र म्हणाला, "जोर काऊन लावता काका? स्टेरिंग हालवा ना."

स्टेअरिंग डावीकडे ओढून धरलं आणि चाबी अलगद फिरली.

उन्हावरचा संशय अकोल्यात स्वाभाविक आहे. इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पण हिशेब करून पाहा. पितळेची ८ मिलिमीटर रुंद चाबी ४० अंशांनी तापली, तर वाढते जेमतेम ०.००६ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी. शिवाय तिच्यासोबत कुलूपही तापून पसरतंच.

खरी गंमत स्टेअरिंगच्या दांड्यापाशी आहे. चाबी काढली की एक पोलादी खुंटी दांड्याच्या खाचेत बसते आणि स्टेअरिंग अडकतं. गाडीचोरांसाठी केलेली ही सोय. पश्चिम जर्मनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती सक्तीची केली. स्कूटरच्या हँडल लॉकचं तत्त्वही हेच. कठड्याला टेकलेल्या टायरला पीळ बसलेला असतो. तो सुटू पाहतो आणि खाचेची कड खुंटीवर दाबून धरतो. जेवढा दाब, तेवढं घर्षण. खुंटी मागे सरकत नाही आणि चाबीही फिरत नाही. स्टेअरिंगची त्रिज्या दांड्याच्या सुमारे दहापट, म्हणून हाताची साधी ओढ तिथे दहापट होऊन पोचते आणि दाब सुटतो. चाबीचं पातं बिचारं पातळ; त्याच्यावर ताकद दाखवली, तर ते खोल दात्यापाशी तुटतं. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर 'पी'वर आहे ना, तेही पाहावं.

स्टेअरिंग मोकळं असूनही चाबी अडली, तर दोष कुलपात. आत स्प्रिंगवर बसलेल्या पितळी चकत्या असतात. चाबीचे दाते प्रत्येक चकती नेमक्या उंचीवर आणतात, तेव्हाच नळी फिरते. एका खाचेच्या खोलीत आणि दुसरीच्या खोलीत फरक असतो साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. एवढ्या नाजूक कारभारात आपण खोबरेल ओततो! दोन दिवस बरं वाटतं. मग वऱ्हाडच्या काळ्या मातीची बारीक धूळ त्यात कालवली जाते आणि लगदा चकत्यांना धरून बसतो. त्यापेक्षा ग्राफाइटची कोरडी पूड बरी. तिचे थर एकमेकांवरून घसरतात. दात्यांवर पेन्सिल घासण्याचा जुना उपायही त्यावरच चालतो. फक्त शिशात ग्राफाइटसोबत चिकणमातीही असते, म्हणून मऊ, काळीभोर पेन्सिल घ्यावी.

चाबी फिरते पण इंजिन गप्प, हे दुखणं वेगळं. तिथे बॅटरी किंवा चाबीतली चिप तपासायची.

राहता राहिली झिजलेली चाबी. वर्षानुवर्षांत दाते बोथट होतात आणि चकत्या पुरत्या उचलल्या जात नाहीत. चाबीवाल्याकडे हीच चाबी नेली, तर डुप्लिकेटमध्ये झीजसुद्धा उतरते. नव्या गाडीसोबत बहुधा एक छोटी पट्टी मिळते. तिच्यावरच्या नंबरवरून मूळ मापाचे दाते कापता येतात. आमची पट्टी देवघराच्या खणात निघाली, विम्याच्या जुन्या झेरॉक्सखाली.